न जन्मलेल्या साक्षीदाराला समन्स

कायद्याच्या कॉलेजात कारकुनी केली, की किस्से शोधावे लागत नाहीत. तेच प्रवेश घेतात, आणि विद्यार्थ्यांसारखे कधी नापासही होत नाहीत. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात मला कुतूहल एकच होतं : कायदा शिकवतात म्हणजे नेमकं काय करतात?

*

वर्ग सकाळी सातला, कारण प्राध्यापक सगळे वकील आणि अकराला कोर्ट. पक्षकारही वर्गातच येऊन मागच्या बाकावर बसत. एकदा सरांनी चुकून पातूरच्या एका पक्षकारालाच उभं केलं.

"कराराला काय लागतं?"

"दोन माणसं लागतात साहेब. अन् त्यातला एक मागून फिरला पाहिजे."

"बरोबर," सर म्हणाले, "आता हेच इंग्रजीत लिहा."

*

दोन प्राध्यापक एकाच प्रश्नाची उलट उत्तरं देत. खरं कोणाचं, असं मी एकाला विचारलं.

"माझं उत्तर वादीचं आहे, बाबूजी. त्यांचं प्रतिवादीचं."

*

परीक्षेआधी प्रत्येकाला लुटुपुटूच्या कोर्टात एक खटला लढवावा लागे. नाहीतर परीक्षेला बसता येत नसे. न्यायाधीश म्हणून अकोल्याचे एक निवृत्त जज्जसाहेब येत. त्या वर्षी वाद शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा. वादीकडून तायडे : बडनेऱ्याला रेल्वेत नोकरी, बाप शेतमजूर, आणि वस्तीतला पहिला वकील व्हायचं मनात. प्रतिवादीकडून अंजनगावचा देशमुख, घरची काळी जमीन, घाई कशाचीच नाही.

देशमुख उठून म्हणाला, "माझा साक्षीदार सखाराम आजारी आहे. तारीख मिळावी."

"दिली," जज्जसाहेब सवयीनं म्हणाले.

तायडे उभा राहिला. "सर, सखाराम फक्त कागदावर आहे. तो जन्मलेलाच नाही."

"मग समन्स काढा."

*

पुढच्या खेपेलाही सखाराम आजारीच. तायडेनं ड्यूटी बदलून घेतली होती, ती वाया गेली. मी देशमुखला व्हरांड्यात गाठलं.

"काहून गा, त्या पोराचं वर्ष बुडवतं काय?"

"माही तयारी नाही झाली, बाबूजी. अन् तारीख मागनंच तं शिकून राहिलो."

*

परीक्षेआधीची शेवटची बैठक. देशमुख उठायच्या आतच तायडे म्हणाला, "सर, प्रतिवादीचा साक्षीदार सखाराम हजर आहे."

दारातून धोतर नेसलेला एक म्हातारा आत आला. तो तायडेचा बाप, हे मला ठाऊक होतं. अर्धवट उठलेला देशमुख खाली बसला.

जज्जसाहेबांनी चष्मा पुसला. "आजारी होता ना तुम्ही?"

"नाही साहेब. कामावर होतो."

"धुरा कोणाचा आहे?"

"मले काय मालूम? आमच्यापाशी वावरच नाही. पोरगा म्हने, बाबा, तुमी नाही आले तं मी वकील होत नाही. म्हनून आलो."

जज्जसाहेबांनी काहीतरी लिहून घेतलं.

"साक्षीदार खरं बोलतो आहे. श्री. तायडे, युक्तिवाद सुरू करा."