मराठी माझ्यावर सोडा

जूनमध्ये शाळा उघडली की राजमणीबाई पहिलीच्या वर्गाच्या दारात उभ्या राहायच्या आणि आत येणाऱ्या पोराला विचारायच्या, "तिन्नावा, बिड्डा?" म्हणजे, जेवलास का बाळा? नाव-गाव नंतर. आईचा पदर सोडायला तयार नसलेलं पोर ते ऐकून मान वर करायचं. मराठी घरातलं पोर आलं की त्याच दमात, "जेवलास का रं?" तो 'रं' त्यांनी माझ्याकडून उचलला होता.

आमची शाळा नगरात, तोफखान्याच्या बाजूला. माध्यम मराठी, पण निम्मी पोरं पद्मशाली विणकरांच्या घरची. नगरात त्यांच्या पिढ्या गेल्या, तरी घरात तेलुगूच. मी पारनेरकडची. डी.एड.ला माझ्या 'न्हाई' आणि 'व्हय'ला हसून हसून पोरींनी मला वर्षभर मुकी करून ठेवली होती, त्यामुळे भाषेपायी गप्प झालेलं पोर मला लगेच ओळखू यायचं. पुढं काय करायचं ते मात्र राजमणीबाईंकडे बघून शिकले.

भाग्या नावाची एक मुलगी होती. दिवाळी आली तरी वर्गात तोंड उघडेना. मुख्याध्यापक म्हणाले, "हिचं डोकं कमी दिसतंय, आईला बोलावून सांगून टाका." राजमणीबाईंनी तिला जवळ बसवलं आणि तेलुगूत विचारलं, तुमची शेळी व्याली म्हणे? मग काय, भाग्या सुटलीच. दोन करडं, त्यातलं काळं लई द्वाड, आजी विड्या वळायला बसली की तिच्या सुपातली पानंच खातं. बाई मधूनच एखादा मराठी शब्द पुढं करायच्या, ती तो घ्यायची आणि तसंच पुढं बोलायची.

"शाळा मराठी माध्यमाची आहे, बाई," मुख्याध्यापक म्हणाले.

"शाळा आहे, सर. भाग्या अजून नाही. होईल की, घाई काय आहे?"

राजमणीबाईंचा नवरा हातमागावर बसायचा, म्हणून त्यांचं बोलणंही मागावरचं. "उभा धागा घरचा, आडवा शाळेचा. उभाच तोडला, तर आडवा घालणार कशात?" हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं, की शेवटी मीच नव्या शिक्षकांना ऐकवायला लागले.

एकदा पालकसभेत एक आई मोठ्या कौतुकानं म्हणाली, "बाई, आता आम्ही घरातसुद्धा मराठीच बोलतो. तेलुगू बंद." तिला वाटलं, बाई शाबासकी देतील. राजमणीबाई एवढ्या चिडलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

"तुझी मराठी तुलाच पुरत नाही, पोराला काय वाढणार? गोष्टी सांग, रागाव, लाड कर, सगळं तुझ्या भाषेत कर. मराठी माझ्यावर सोड."

सभा संपल्यावर घरी जाताना मी विचारलं, बाई, एवढं काय झालं? मग त्यांनी सांगितलं. त्यांचा एकुलता एक श्रीनू पहिलीत गेला, तेव्हा त्याच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या होत्या, घरात तेलुगू बंद करा, पोरगं मागं पडतंय. बाईंनी ऐकलं.

"नवऱ्याला मराठी बाजारापुरतीच यायची, सुमन. तो घरात बोलायचाच थांबला. श्रीनू खेळायला गेला की आम्ही दोघं बोलून घ्यायचो. तो आला की गप्प. इतका गमत्या माणूस गं. आणि माझ्या पोराला वाटतं, आपला बाप अबोल आहे."

पुढं आमचा एक डबा झाला. त्यांच्या चिंचेच्या सारासोबत मी तेलुगू शिकले. फार नाही, दुसरीतल्या पोराइतकं. माझं तेलुगू ऐकून भाग्या तोंडावर हात घेऊन हसायची. हसू दे म्हटलं, हसून तरी घेतंय कुणी.

निवृत्तीनंतर दोन वर्षांत बाईंचा नवरा गेला आणि श्रीनू त्यांना पुण्याला घेऊन गेला. मुलगा गुणी, सून मराठी, अगदी मायेची. नात इंग्रजी शाळेत. कुणाला नावं ठेवायला जागा नव्हती. पण दिवे लागायच्या सुमाराला रोज माझा फोन वाजायचा.

"सगळे फार चांगले आहेत गं," पहिल्या आठवड्यात त्या म्हणाल्या. "पण मी दिवसभर पाहुण्यासारखी बोलते."

मग त्यांनी तेलुगू सुरू केलं. मला निम्मं कळायचं, निम्मं वरून जायचं. मी आपली "औनु, औनु," म्हणजे हो हो, करत राहायची. त्यांना तेवढं पुरायचं. मनात यायचं, एवढं मोठं पुणं, पोटचा मुलगा पलीकडच्या खोलीत, आणि या बाईला बोलायला नगरातली मी मोडकीतोडकी. फार वाईट वाटायचं. एखाद्या दिवशी कंटाळा आला तरी मी फोन उचलायची.

गेल्या थंडीत बाई झोपेतच गेल्या. दिवसकार्य झाल्यावर श्रीनू नगरचं घर आवरायला आला आणि सकाळीच माझ्याकडे येऊन बसला. चहा निवत ठेवला होता त्यानं.

"मावशी, आई रोज गॅलरीत बसून तुमच्याशी बोलायची. मोठमोठ्यानं हसायची. घरात आमच्याशी ती कधी तशी हसली नाही. काय बोलायची?"

"तुझंच."

"माझी तक्रार?"

"कसली तक्रार. आज उशिरा आला. आज वांग्याची भाजी ताटात टाकली. खोकतोय, पण औषध घ्यायला नको. लॅपटॉपसमोर बसला की कपाळाला बापासारखी आठी पडते. तुझ्या वडिलांच्या गमती सांगायच्या, त्यांच्या नकला करायच्या. तेव्हाच हसायच्या त्या."

"मी आतच असायचो," श्रीनू म्हणाला. "दार उघडंच असायचं. मला सगळं ऐकू यायचं."

माझ्याकडे असलेलं एकच मी विचारलं.

"तिन्नावा, बिड्डा?"

"म्हणजे?"

मी सांगितलं. त्यानं खाली मान घातली. बाईंच्या हाताखालून गेलेल्या सगळ्या पोरांना ठाऊक असलेलं वाक्य, त्यांच्या पोराला मी सांगत होते.

मग त्यानं विचारलं, "नाही जेवलो, हे कसं म्हणायचं?"

"तिनले."

"तिनले," तो म्हणाला. मग डोळे पुसून परत एकदा म्हणाला. मी उठले आणि त्याच्यासाठी भाकरी टाकायला घेतली.