जिवंत आत्याचा कडू घास

या उन्हाळ्यात माझी अडचण अशी होती, की मला सत्यावर बोलायचं होतं आणि त्यासाठी सुट्टी मिळत नव्हती. रोह्याला आमच्या ख्रिस्ती मंडळीची वार्षिक सभा होती. पाळकांनी या वेळी साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आपल्याला आलेला अनुभव सगळ्यांसमोर सांगायला, मला सांगितलं होतं आणि विषयही त्यांनीच ठरवला होता: सत्य, देवाचा न्याय आणि तारण, म्हणजे पापांतून सुटका. आमच्या चाळीसेक माणसांच्या मंडळीत पदवीपर्यंत शिकलेली मी पहिलीच, त्यामुळे एवढा मोठा विषय माझ्याकडे आला याचं कुणाला नवल वाटलं नाही. मला तर मुळीच नाही. मी नवी वही आणली, तीन रंगांची पेनं आणली, आणि माणसं किती सहज खोटं बोलतात याची उदाहरणं महिनाभर गोळा केली. बहुतेक उदाहरणं मला कामाच्या ठिकाणीच मिळाली.

मी पेणला, रामवाडीत, पापडांच्या एका छोट्या कारखान्यात काम करते. मालकीण कुंदाताई. आजूबाजूच्या गावांतून पंधरा-सोळा बायका येतात, पोह्याचे पापड लाटतात आणि गच्चीवर वाळत घालतात. मी टेबलाशी बसून ऑर्डरी, लेबलं आणि हजेरी बघत असे. बायका सुट्टीसाठी नाना कारणं सांगत. एकीची नणंद जानेवारीत बाळंत झाली आणि मार्चमध्ये पुन्हा झाली. मी हजेरीपुस्तकात निमूट लिहून घेई आणि मनात म्हणे, प्रभू, यांना सत्याची ओळख कधी होणार? आता हे आठवलं की कान गरम होतात. पण खरं तेच लिहायचं ठरवलं आहे, म्हणून लिहिते.

मे महिना म्हणजे पापडाचा हंगाम. कडक ऊन आणि लग्नसराईच्या ऑर्डरी, त्यामुळे रविवारीही काम. मी कुंदाताईंकडे एका रविवारची सुट्टी मागितली, तेव्हा त्या परातीतलं पीठ बघत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सभा पुढच्या वर्षी पण हाय ना? ऊन पुढच्या वर्षीचं आज मिळनार नाय." मी जरा रेटून विचारलं, तर हसून म्हणाल्या, "कोन मेलं तरच सुट्टी गो, नायतर नाय," आणि गच्चीवर निघून गेल्या.

त्यांनी ते हसत म्हटलं होतं. मी ते मनावर घेतलं. शनिवारी संध्याकाळपर्यंत कोण मरू शकेल याचा विचार करत होते. वडिलांना सगळ्याजणी ओळखत होत्या. आजी खरोखरच वारली होती आणि तेव्हा त्या घरी येऊन गेल्या होत्या. उरली रोह्याची आत्या. ती लांब होती आणि तिला कुणी पाहिलेलं नव्हतं. मी कुंदाताईंना मेसेज केला, "माझी रोह्याची आत्या आज वारली. उद्या येऊ शकत नाही," आणि लगेच फोन बंद केला. मनाला समजावलं, की देवाच्याच कामासाठी आहे, तर देव एवढं समजून घेईल. त्याला अडचणीत टाकतेय असं काही मला वाटलं नाही.

ही आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. घरून कॉलेजचा खर्च झेपत नव्हता, म्हणून बी.ए.ची तीन वर्षं मी तिच्याच घरी राहिले. ती रोह्याच्या बाजारात सुकी मासळी विकते. स्वतःला वाचता येत नाही, पण परीक्षेच्या दिवसांत मी अभ्यास करत असताना समोर पाटावर बसून राहायची, जणू पेपर तिलाच द्यायचा आहे. हे सगळं मी कारखान्यातल्या बायकांना पुष्कळदा सांगितलं होतं. मेसेज पाठवताना नेमकं हेच माझ्या लक्षात राहिलं नाही.

रविवारी सकाळी मी पहिल्या एस.टी.ने रोह्याला पोहोचले. सभा आत्याच्याच घरी होती. अंगणात कापड बांधलेलं, दाराशी चपलांचा ढीग, आणि वर्षाची सभा म्हणून बहुतेक बायका पांढऱ्या साड्यांत. आत्याने मला बघितल्या बघितल्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "किती वालली गो. पापड लाटतेस का पापड झालीस?" मग मी वही काढली आणि मनात प्रार्थना केली, "प्रभू, आज तुझं सत्य सगळ्यांसमोर उघड कर." अशी प्रार्थना जपून करावी, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

तिकडे पेणमध्ये काय चाललं होतं ते मला मागाहून कळलं. सकाळी सात वाजता कुंदाताईंनी मेसेज वाचून दाखवला. पीठ मळून तयार होतं. हौसाबाई म्हणून आमच्यात सगळ्यांत जुनी लाटणारी आहे. तिने लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, "जिनं पोरीला शिकवली ती गेली, नि आपन पापड लाटायचं?" कुंदाताईंनी वर बघितलं. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. त्यांनी पिठावर ओलं फडकं टाकलं आणि कारखान्याच्याच शेगडीवर पिठलं रटरटायला ठेवलं. आमच्याकडे मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, म्हणून जवळची माणसं पिठलं-भाकरी करून नेतात. त्याला कडू घास म्हणतात. सगळ्या मिळून तांदळाच्या भाकरी थापल्या, मोठा स्टीलचा डबा भरला, आणि कारखान्याच्या टेम्पोतून निघाल्या. माझा फोन लागेना, तेव्हा हौसाबाई म्हणाली म्हणे, "रडत असल बिचारी, फोन कुठला बघते."

त्यांच्याकडे पत्ता नव्हता. साक्षींमध्ये आपण नेहमी ऐकतो, की अडलेल्याच्या मदतीला कुणी अनोळखी माणूस येतो, वाट दाखवतो आणि आभार न घेता निघून जातो. त्या दिवशी तो रोह्याच्या बाजारात आला. मोटरसायकलवर होता. "सुकी मासळी विकते ती ख्रिस्ती बाई ना?" तो म्हणाला, "तिच्याकडं सकाळपासून मानसं जमलीत. चला माझ्यामागं." त्याने टेम्पो थेट दारात आणून सोडला आणि चहालाही न थांबता गेला. देवाने मदत धाडली होती, फक्त ती माझ्यासाठी नव्हती.

मी त्या वेळी उभी राहून न्यायाच्या मुद्द्यावर आले होते. लाल पेनाने लिहिलेलं वाक्य होतं, "देवाच्या न्यायासनासमोर कुणालाही काही झाकता येणार नाही." ते मी बऱ्यापैकी मोठ्या आवाजात म्हटलं, आणि दारातून हंबरडा ऐकू आला.

"गेली गो गेली! पोरीची माय गेली!" हौसाबाई पदर तोंडाला लावून आत शिरली. तिच्यामागे कुंदाताई, हातात डबा. त्यांच्यामागे बाकीच्या, कुणी डोळे पुसतायत, कुणी पांढऱ्या साड्यांतल्या आमच्या बायकांच्या गळ्यात पडतायत. आमच्या बायकाही चांगल्या मनाच्या. कोण गेलं हे ठाऊक नसताना त्यांनी त्यांना पोटाशी धरलं आणि दोघीतिघी तर रडायलाही लागल्या.

आत्या स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली. "काय झाला गो? कोन गेला?"

हौसाबाई तिच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "आत्या गेली बाय, हिची आत्या!"

"हिची आत्या तर मी हाय," आत्या म्हणाली.

हौसाबाईने डोकं उचललं. आत्याला नीट निरखून बघितलं. दंडाला हात लावून बघितला. बाहेर टेम्पोचं इंजिन थंड होताना टिकटिकत होतं.

कुंदाताई माझ्याकडे बघत होत्या. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "दुसरी आत्या का गो? धाकटी वगैरे?"

त्या मला वाट काढून देत होत्या, हे मला कळलं. मला खरोखरच धाकटी आत्या आहे, नागोठण्याला. तिचं नाव माझ्या जिभेवर येऊनही बसलं होतं. नोकरी त्याच नावाने वाचली असती. आमच्या घरात माझाच काय तो पगार ठरलेला असतो, बाकी शेतीवर असतं. पण समोर जिवंत आत्या उभी होती आणि एका दिवसात दुसरीला मारायचं मला धैर्य झालं नाही. खरं तर तेवढंच. मोठी नीतीची गोष्ट नव्हती. मी मनात फक्त म्हटलं, प्रभू, आता तूच बघ, आणि तोंड उघडलं.

"नाही ताई. कुणी मेलं नाही. मी खोटं सांगितलं. इथं बोलायला यायचं होतं, म्हणून."

"कशावर बोलायला?" कुंदाताईंनी विचारलं.

हे उत्तर देणं पहिल्यापेक्षा अवघड गेलं. "सत्यावर," मी म्हणाले.

मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. कुंदाताई हसल्या नाहीत. "आज दिवसभराचं ऊन सोडून आले मी," त्या म्हणाल्या. "फोडलेल्या लाट्या तशाच पडल्यात. उद्यापासून येऊ नको तू."

मी मान खाली घातली. न्यायावर मी बावीस पानं लिहिली होती, पण न्याय पुढ्यात आला की काय करायचं ते कुठल्याच पानावर नव्हतं. त्यांचं म्हणणं खरं होतं, माझ्या बाजूने बोलण्यासारखं काही नव्हतं, आणि मला ते मान्य होतं. वाईट याचं वाटत होतं, की ज्यांना मी खोटारड्या म्हणून वहीत लिहिलं होतं, त्या बायका माझ्या दुःखासाठी खऱ्या रडत आल्या होत्या.

तेवढ्यात आत्याने विचारलं, "डब्यात काय हाय?"

"पिठलं," हौसाबाई कशीबशी म्हणाली. "नि भाकरी. कडू घास."

"माज्या नावाचा ना?" आत्याने कुंदाताईंच्या हातातून डबा घेतला. "मग मी खानार. बसा सगल्या."

"अगो जित्या मानसानं खाऊ नये ते!" हौसाबाई ओरडली. मग स्वतःच थांबून म्हणाली, "पन मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हनतात. दहा वरसं तरी वाढली तुजी."

"बघा, पोरीनं कायतरी दिलंच," आत्या म्हणाली. ती खाली बसली, भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवून खाल्ला. "मीठ जरा कमी हाय." मग कुंदाताईंकडे वळली. "तिनं मारलंन मला, नि फसवलंन तुला. माजा वाटा मी सोडला. तुजा तू बघ, बाय. फकस्त उपाशी पोटी बघू नको."

आणि तिने दुसरी भाकरी घेतली, पिठलं वाढलं, आणि ती सगळ्यांत आधी माझ्यापुढे ठेवली.

लहानपणापासून मी तारण हा शब्द ऐकला होता. त्या दुपारी तो मला ताटलीत दिसला. माझ्या खोट्यापायी एका माणसाला मरावं लागलं होतं, आणि तेच माणूस उठून मला जेवायला वाढत होतं. मला रडू फुटलं. आत्या म्हणाली, "आता कशाला रडतेस? रडायचं होतं तेवा सभा करत होतीस."

जेवणं झाली. डबा सगळ्यांना पुरला, हेही लिहून ठेवते. कसा पुरला याचा हिशेब मी केला नाही. मग कुंदाताई म्हणाल्या, "आता जे बोलत होतीस ते पुरं कर. त्याच्यासाठी माझा दिवस गेलाय, तर मी ऐकून जानार." त्या पुढच्या रांगेत मांडी घालून बसल्या. हौसाबाई शेजारी बसली.

मी वही उघडली आणि मिटली. म्हणाले, "सत्य माझ्या वहीत आहे असं मी समजत होते, पण ते टेम्पोतून आलं. देवासमोर उभं राहायची वेळ येईल तेव्हा माझ्याकडे दाखवायला काही नसेल, हे मला आज कळलं. पण आमचा प्रभू असाच आहे. ज्यांनी त्याला मारलं, त्यांचीच बाजू तो घेतो. मला एवढंच ठाऊक आहे." आणि मी खाली बसले.

हौसाबाईने कुंदाताईंना कोपराने ढोसलं. "एवढंच? हे तर टेबलावर बसून पन सांगता आलं असतं हिला."

टेम्पोत चढताना कुंदाताई मला म्हणाल्या, "आत्यानं सोडलं, मी नाय सोडलं. टेबल तुझं गेलं. पाऊस लागेपर्यंत पोळपाटावर बसायचं. उद्या सातला." मी हो म्हणाले. पाळकांनी मागाहून मला विचारलं, की वाईट वाटलं का. मी सांगितलं, की नाही, उलट कितीतरी दिवसांनी हलकं वाटतंय. माझा निवाडा दुसऱ्या कुणीतरी केला होता, आणि मी केला असता त्याहून तो खरा होता आणि मवाळही.

तेव्हापासून मी लाटते. माझे पापड अजून गोल होत नाहीत. हौसाबाई शेजारी बसून ते पुन्हा लाटते आणि मला शिव्या देते. मी देवाचे आभार मानते, ते त्याने मला पकडल्याबद्दल. मी सुटले असते तर आजही टेबलाशी बसून दुसऱ्यांचं खोटं मोजत राहिले असते. स्वतःला त्याच्या हाती सोपवणं म्हणजे काहीतरी फार थोर असेल असं मला वाटायचं. माझ्या बाबतीत ते एवढंच निघालं, की नागोठण्याच्या आत्याचं नाव जिभेवरून मागे घेतलं आणि पुढचं त्याच्यावर टाकलं.

रोज सकाळी सात वाजता मी पोळपाट ओढते, तेव्हा हौसाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, "काय गो, आत्या कशी हाय?"

सगळ्याजणी लाटणी थांबवून माझ्याकडे बघतात. मी म्हणते, "जिवंत आहे."

मग सगळ्या हसतात आणि कामाला लागतात. याहून खरी साक्ष मला आजवर देता आलेली नाही.