दादाचा वन्समोअर

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं तसं काही लपत नाही, पगारवाढसुद्धा नाही. आमच्या घराण्यात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. बारसं असो, लग्न असो, पोरं भोवती जमतात. मी तिखटमीठ लावून सांगतो, हसवतो. ही एक मात्र सांगत नाही. आता तर दादाही नाही. म्हणजे ज्याला सांगायला हवी होती, तोच... असो. तुम्ही बसला आहात समोर, तर तुम्हाला सांगतो.

नव्वदच्या दशकात आमचं पंचवटीत एक हौशी संगीत नाटक मंडळ होतं. तबल्याला किराणा दुकानदार, पायपेटीला निवृत्त शिक्षक, आणि अध्यक्ष म्हणजे दातांचे डॉक्टर, जे नाटकही स्वतःच लिहीत. दरवर्षी एक नाटक, एक राजपुत्र, आणि सुचतील तितकी पदं. राजपुत्र म्हणजे माझा थोरला भाऊ. सातपूरला कंपनीत शिफ्टची नोकरी, अंगाला ऑइलचा वास, आणि गळा — खरंच गळा होता हो त्याला. मला ते तेव्हाही कळत होतं. तेच तर दुखणं होतं.

त्या वर्षी राजपुत्र मी होणार, असं मी धरूनच चाललो होतो. का? तर दादाचं पोट सुटलं होतं आणि माझं अजून सुटायचं होतं. बस, एवढ्याच भांडवलावर. अध्यक्षांनी दोघांचंही गाणं ऐकलं, चष्मा पुसला, आणि मला द्वारपाल केलं. पहिल्या अंकात एकच वाक्य — "महाराज, दूत आला आहे." वहिनी म्हणाली, "भाऊजी, मिशी काय शोभते हो तुम्हाला!" मनापासून म्हणाली बिचारी. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, निदान रागवायला जागा मिळाली असती.

आता आमच्या मंडळाचा एक शिरस्ता सांगायला हवा. वन्समोअर नाकारायचा नाही. प्रेक्षकांतून कुणी "वन्समोअर" ओरडलं, की नाटक आहे तिथे थांबायचं आणि पद पुन्हा म्हणायचं. एकदा तर मेलेल्या प्रधानाने उठून गाऊन पुन्हा मरण पत्करलं होतं. अध्यक्ष म्हणायचे, रसिकाला नाही म्हणणं म्हणजे दारात आलेल्या पाहुण्याला घालवून देणं. दादा तर हे वेदवाक्य मानायचा.

प्रयोगाच्या आठवड्यात थंडी पडली — नाशिकची, हाडांत शिरणारी. दादाचा घसा बसला. ज्येष्ठमध चघळून त्याच्या गालाला एका बाजूने फुगवटा आला होता. "बाळ्या, आजचा दिवस निभला म्हणजे झालं," मेकअप करताना तो मला म्हणाला. मी म्हटलं, "निभेल रे." आणि म्हणताना मला काय वाटत होतं? ते विचारू नका. नाही — विचारा. म्हणून तर बसलोय.

माझं वाक्य संपलं. मी कपडे बदलले, पण मिशी निघेना, म्हणून तशीच ठेवून सभागृहात शेवटच्या रांगेमागे अंधारात जाऊन उभा राहिलो. दुसऱ्या अंकात दादाचं मोठं पद आलं. आणि काय निभावलं त्याने! वरच्या सुरांना नुसता हात लावून परत येत होता, तान अर्ध्यात गोड वळवून घेत होता. त्याचा गळा संपलाय हे पायपेटीवाल्या गुरुजींना कळत होतं आणि मला. बाकी कुणाला नाही. टाळ्या पडल्या. त्याचे खांदे सैल झालेले मला एवढ्या लांबून दिसले. सुटला होता तो.

मी दादाला चांगला ओळखत होतो ना? त्याला नाही म्हणता येणार नाही, हे मला माहीत होतं. पुन्हा गायला तर गळा फाटणार, हेही माहीत होतं. गर्दीत कुणाला कळणार — असंही मनात आलं असेल. किती गोल फिरतोय मी.

"वन्समोअर!" मी ओरडलो. आवाज बदलून, खालून, पोटातून.

लोकांनी तो उचलला. ते खरंच ओरडत होते. खोटा मी एकटा. विंगेतून अध्यक्षांनी बोट वर केलं. दादाने एकदा गुरुजींकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली — नको म्हणून. दादाने हात जोडले आणि सुरू केलं. वरच्या सुरावर आवाज चिरकला. पुन्हा घेतला, पुन्हा चिरकला. बाल्कनीतून कुणीतरी कोंबडा आरवल्यासारखा आवाज काढला आणि सगळं सभागृह हसलं. पडदेवाला गोंधळला, त्याने पडदा अर्धाच टाकला. त्या अर्ध्या पडद्याखाली दादाचे जरीचे जोडे दिसत होते. ते जागचे हलले नाहीत.

त्यानंतर दादा गायला नाही. मंडळात यायचा, सतरंज्या उचलायचा, सगळं करायचा. गणपतीच्या आरतीला नुसते ओठ हलवायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सांगायला गेलो होतो. खरंच. वहिनीने चहा ठेवला. मी तोंड उघडायच्या आत दादाच म्हणाला, "हसले ते हसले रे. पण एक माणूस होता बघ. सगळ्यांत आधी ओरडला. त्याला पुन्हा ऐकावंसं वाटलं. एवढ्या बसलेल्या गळ्यातलं काहीतरी त्याला कळलं." डोळे भरून आले होते त्याचे.

तुम्ही काय केलं असतं? मी म्हटलं, "हो दादा, माझ्या शेजारीच होते. दिंडोरीचे बागाईतदार आहेत, पांढरी टोपी, छत्री."

छत्री कशाला, थंडीत? पण मला गोष्टी सांगायची खोड. पुढे वर्षानुवर्षं दादा विचारत राहिला आणि मी त्या माणसाला काहीबाही देत राहिलो — द्राक्षांची बाग, लग्न झालेली मुलगी, कानडी गाण्यांची आवड. एका रविवारी दादाने स्कूटर काढली, मला मागे बसवलं, आणि आम्ही दिंडोरीभर छत्रीवाला बागाईतदार शोधत फिरलो. एक औषध फवारणारा म्हणाला, "छत्रीवाला? इथं असा कोणी नाय बा. नाव सांगा ना नाव!" नाव मी ठेवलंच नव्हतं. येताना द्राक्षं घेऊन आलो. दादा म्हणाला, पुढच्या हंगामात पुन्हा येऊ.

मी घाबरलो. आणि काही दिवसांनी सांगून टाकलं — "दादा, ते गेले म्हणे."

मला वाटलं, संपलं. दादाने मंडळाची शोकसभा ठेवली. आता एकविसावं शतक लागलेलं, मंडळात उरलेली दहा-पंधरा डोकी. पण सगळी आली. अध्यक्षांनी "अज्ञात रसिकाग्रणी" असं भाषण केलं. फोटो नव्हता, म्हणून पाटावर नुसता हार ठेवला. गुरुजी तोवर थकले होते, म्हणून मला सूरपेटी घेऊन बसायला सांगितलं. कशासाठी, ते मला कळेना. मग दादा उठून माझ्याशेजारी येऊन बसला. घसा साफ केला. "त्यांनी मागितलेलं राहून गेलं होतं," म्हणाला, आणि तेच पद सुरू केलं.

इतक्या वर्षांत गळा पार गेला होता. वरच्या सुराला तो पोचला नाही. थांबला, श्वास घेतला, पुन्हा गेला, पुन्हा नाही. कुणी हसलं नाही. वहिनी पदर तोंडाशी धरून बसली होती. मी सूर धरून होतो. एवढ्या जवळून मी त्याला कधीच ऐकलं नव्हतं. पूर्ण म्हटलं त्याने, शेवटपर्यंत, त्या हाराकडे बघत.

शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत. सगळे गप्प बसून राहिले. मीही.