पूजलेल्या होडीवरचा नंबर

अन्याय माझ्या काकावर झाला. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्याच सकाळी महाडखालच्या सावित्री नदीच्या काठावरून त्याची मासेमारीची होडी चोरीला गेली. आज ओल्या डांबराचा वास आला आणि सगळं आठवलं. आठवड्याने होडी पलीकडच्या काठावर एका माणसाच्या ताब्यात सापडली, ताज्या डांबराने काळीकुट्ट. "माझीच हाय, साहेब!" काका हवालदाराला म्हणाला. "नंबर दाखव. नोंदणीचा कागद?" दोन्ही नव्हतं. पौर्णिमेला पूजा झाल्यावर मी लाकडात नंबर कोरायला निघालो होतो, तेव्हा काकी कडाडली होती, "पूजलेल्या होडीला छिन्नी लावतोस, मेल्या?" मी छिन्नी ठेवून दिली होती. होडी बळकावणारा हसला, "होडीला हाक मारा की काका, येतेय का बघू!" होडी त्याच्याकडेच राहिली. काका आता कारखान्याचं फाटक राखतो. तुमची होडी बिननंबराची असेल तर आजच नंबर कोरा, नोंदणी करा.