हातगुण

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही, आणि तिला माझ्या बनियनच्या भोकांपर्यंत सगळं माहीत असतं. तुम्हाला सांगतो — पण आधी मांजरांबद्दल बोलू द्या, कारण ती आठवली की मला अजून आनंद होतो.

नव्वदीच्या सुरुवातीला अंबरनाथ पूर्वेला आम्ही चार-पाच जणांनी एका बंद गोदामात बेवारशी मांजरांसाठी निवारा काढला. मी आनंदनगरच्या एका कारखान्यात केमिस्ट; रविवार सगळा तिथे. पहिलं वर्ष सोडलं, तर काय बहार होती. पिल्लं पडद्यांवर चढायची, वजनकाट्यात झोपायची. भोपळ्या नावाचा बोका दाराशी बसून आल्यागेल्याची चप्पल हुंगायचा. उल्हासनगरचे सिंधी दुकानदार कापडाच्या गठ्ठ्यांत उंदीर झाले म्हणून मांजर मागायला यायचे. मी सोमवारी शिट्टी वाजवत कामावर जायचो.

सगळे म्हणायचे, ही करामत तुमची. होती का?

ते पहिलं वर्ष — तेच टाळत होतो — मांजरं टिकतच नव्हती. लाळ गळायची, पाय थरथरायचे, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिंजरा रिकामा. सफाईला बदलापूरजवळच्या गावातून हिराबाई यायच्या. मांजरांशी गप्पा मारत, त्यांच्या हनुवट्या खाजवत लादी पुसायच्या. मी सगळ्यांसमोर त्यांना म्हणालो, "तुमची सफाई कमी पडते, बाई. फिनाईल जास्त घाला." फिनाईल मीच आणायचो, कारखान्यातून, कॅन भरून — काळं, जालीम, फुकट. केवढी ऐट होती मला त्याची.

मग एकदा जनावरांच्या एका डॉक्टरांकडे भलत्याच कामाला गेलो, तर ते सहज बोलून गेले — मांजरांच्या खोलीत फिनाईल नको, ती पंजे चाटतात, त्यांना ते विष. मी केमिस्ट. मला आधी विचारायला काय झालं होतं?

त्याच दुपारी कॅन स्कूटरवर घालून परत नेला. निवाऱ्यात सांगितलं, कंपनीने देणं बंद केलं, आता साबण आणि गरम पाणी. त्याच आठवड्यापासून पिल्लांना दूध पाजायलाही मी स्वतः बसू लागलो. मांजरं जगू लागली. एकामागून एक, गुबगुबीत होऊन जगू लागली.

हिराबाईंनी आपला अर्थ लावला. नवं पिल्लू आलं की त्या ते टॉवेलात गुंडाळून माझ्यापुढे धरायच्या. "माजे हातान गुन नाय, सायब. पयला हात तुमीच लावा." हे त्या हसून म्हणायच्या, खरोखर खूश होऊन — पिल्लं जगत होती ना.

एकदा एक पिल्लू टॉवेलातून निसटून त्यांच्या मांडीवर चढलं. त्यांनी दोन्ही हात वर धरले आणि तशाच बसून राहिल्या. मी समोरच होतो. एक वाक्य पुरलं असतं — बाई, दोष तुमच्या हाताचा नव्हता.

मी पिल्लू उचललं. हिराबाई समाधानाने म्हणाल्या, "आता जगल."

ते जगलं. हिराबाईंनी मात्र पुन्हा एकाही मांजराची हनुवटी खाजवली नाही.