कर्णिक काकांचं कणीस आणि घोडा

कर्णिक काकांच्या घरी गेलं की पाणी मिळायच्या आधी हात धुवावे लागत. "बेसिन तिकडे," हेच त्यांचं स्वागत. साबण लावून, पुसून, तळवे दाखवले की मगच टेबलाजवळची खुर्ची मिळायची. अमेरिकेत, पार्सिपनीत आमची घरं समोरासमोर. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, हा माणूस फार सोवळ्याचा आहे. सोवळं होतंच, पण देवाचं नव्हे, नाण्यांचं.

काका धातूंचे इंजिनिअर. निवृत्त झाल्यावर जुन्या ग्रीक नाण्यांच्या नादी लागले, आणि त्यातही एका नाण्यावर दुसरं ठोकलेल्या चांदीच्या नाण्यांच्या. मला ते कळेना, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातून शैला काकूंचं लग्नातलं पातेलं आणलं. त्यावर काकूंचं नाव होतं आणि त्याच्याखाली, खोडलेलं, आणखी कुणा मालतीचं. "आलेला आहेर पुढे सरकवलाय," काका म्हणाले. "ग्रीकांनीही तेच केलं. परगावचं नाणं आलं की तापवायचं, आपल्या ठशाखाली धरायचं आणि वर हातोडा. पण मालती पूर्ण जात नाही गं."

त्यांच्या लाडक्या नाण्यावर जवाचं कणीस होतं. कणसाच्या डाव्या अंगाला केसाएवढ्या बारीक चार रेघा. काकांच्या मते ती खालच्या नाण्यावरच्या पंखवाल्या घोड्याची पिसं. बाकीचे जाणकार म्हणत, गरुड असेल. घोडा की गरुड यावरून ती चांदी कुठल्या शहरातून आली ते ठरत होतं आणि काका वर्षानुवर्षं एकटे घोड्याच्या बाजूनं भांडत होते. अखेर एक प्राध्यापक बाई स्वतः येऊन नाणं बघायला आणि त्याचे फोटो काढायला तयार झाल्या. दिवाळीनंतरचा सोमवार ठरला. "एकदा छापून येऊ दे," काका म्हणाले. "मग मी मेलो तरी घोडा राहील."

राग मात्र जमदग्नीचा. मराठी मंडळातल्या एका गृहस्थांनी एकदा कौतुकानं नाण्यावरून अंगठा फिरवला. "तुमचा चहा झाला ना? मग निघा आता," काका म्हणाले, आणि ते गृहस्थ पुन्हा त्या घरात दिसले नाहीत. पोटच्या मुलालाही वेगळा न्याय नव्हता. निनादनं मेगनशी कोर्टात लग्न केलं आणि नंतर फोन करून कळवलं. काकांनी तो फोन ठेवला, आणि पुढची दोन वर्षं निनादचा एकही फोन उचलला नाही. काकू रडून थकल्या. त्या दिवाळीला काकांनी कसंबसं "येऊ देत" म्हटलं, तेव्हा काकूंनी मला लक्ष्मीपूजनाला मुद्दाम लवकर बोलावलं. "बाहेरचं कुणी असलं की हे जरा आवरून असतात."

मी पोचले तेव्हा ताम्हन मांडलेलं होतं. निरांजन, वाट्या, लक्ष्मीची नाणी, सगळं लखलखत होतं. आणि मधोमध, आरशासारखं पांढरं, जवाचं कणीस.

मी काकूंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मेगन मात्र खुशीत होती. "आई सेड, जे काळं आहे ते सगळं घास. रांगोळीनं. हे फार काळं होतं." काकूंचे सांधे धरले होते म्हणून चांदी घासायचं काम तिनं आपणहून घेतलं होतं, आणि कपाटावरचं सोमवारसाठी काढून ठेवलेलं नाणंही त्यातच आलं होतं. निनादला सगळं कळलं. त्यानं खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली.

तेवढ्यात काका झब्बा घालून आले. त्यांनी ताम्हनात पाहिलं, नाणं कडेनं उचललं आणि दिव्याशी तिरकं धरलं. फिरवलं. पुन्हा फिरवलं. कणसाच्या डाव्या अंगाला आता एकही रेघ दिसत नव्हती.

"कुणी घासलं?"

"बाबा, वी कॅन लीव्ह," निनाद म्हणाला.

"मी तुला विचारलं नाही."

"मी," मेगन म्हणाली. आता तिच्याही लक्षात काहीतरी यायला लागलं होतं. "इज इट ओके?"

काका तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, संपलं. हा मुलगा आता या घरात पुन्हा येत नाही.

"छान घासलंयस," काका म्हणाले. "कोपऱ्यातसुद्धा. सिल्व्हर शुड शाइन." नाणं त्यांनी ताम्हनात ठेवलं आणि पूजेला बसले. वाहताना निम्म्या अक्षता चटईवर पडल्या.

दुसऱ्या दिवशी ते अंगणात पानं ओढत होते. "सोमवारचं कॅन्सल केलं," मला म्हणाले. "सांगितलं, माझाच समज चुकीचा होता." मग दाताळं थांबवून म्हणाले, "घोडाच होता, बरं का. हे त्या पोरीच्या कानावर गेलं तर माझ्याशी गाठ आहे."

पुढे दर दिवाळीला काका स्वतःच ते नाणं आणि रांगोळीची वाटी मेगनच्या हातात द्यायचे. मला ते बघवत नसे.

काका या उन्हाळ्यात गेले. दिवाळीला मेगननं मला मदतीला बोलावलं. तिनं डबीतून नाणं काढलं, अगदी कडेनं, कोमट पाण्यातून एकदा फिरवलं आणि मऊ कापडावर ठेवलं.

"रांगोळी?" मी विचारलं.

"त्याच दिवशी कळलं मला," ती पाण्याकडे बघत म्हणाली. "गाडीतच गूगल केलं. जर्सी सिटीला घरी पोचेपर्यंत रडत होते. सॉरी म्हणणार होते, पण नेक्स्ट इयर बाबांनी स्वतः वाटी हातात दिली. मग कसं सांगणार?"

"म्हणजे नंतर तू कधीच..."

"नेव्हर. फक्त पाण्यातून काढायचे. थोडं थोडं काळं व्हायला लागलं होतं परत." तिनं नाक पुसलं. "आणि बाबा दर वर्षी ते दिव्याजवळ नेऊन बघायचे, खूप वेळ. मग म्हणायचे, छान घासलंयस."