पूर्ण कपड्यांत

वाद घालायला पुण्यात विषयांची वाण नाही, पण पँट-शर्ट घालून पाण्यात उतरण्याच्या हक्कासाठी दोन वर्षं अर्ज करणारा माणूस अख्ख्या शहरात एकच होता, आणि तो येरवड्यात माझ्या खालच्या मजल्यावर राहायचा. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, पत्नी गेलेली, मुलगी बंगळुरूला. मी त्यांना काका म्हणायचो. पोहण्याच्या टँकवरचा माणूस त्यांना म्हणाला होता, "इथे पोहतात. कपडे धुवायची सोय नाही." काकांनी शांतपणे विचारलं, "बुडणारा माणूस आधी घरी जाऊन कॉश्चूम घालून येतो का हो?" अखेर रविवारी दुपारी, शेवटच्या बॅचनंतर अर्धा तास, स्वच्छ धुतलेल्या कपड्यांत, अशी परवानगी मिळाली.

माणूस दिसला की काका आधी त्याचे कपडे बघत. एका लग्नात नवरीच्या शालूचा पदर चिमटीत धरून त्यांनी नवऱ्या मुलाला गंभीरपणे सांगितलं, की हा भिजला तरी घाबरायचं नाही, हिला पाठीवर पडून राहायला शिकवा. त्यानंतर त्यांना लग्नाची आमंत्रणं कमी झाली. सोसायटीच्या फळ्यावर त्यांनी लिहिलं होतं : 'कपड्यांसह तरंगणे. विनामूल्य. टॉवेल आपापला.' कुणीच फिरकलं नाही. तरी दर रविवारी ते, कुणी कपडे विसरून आलंच तर असावेत म्हणून, जुन्या पँटींची पिशवी घेऊन टँकच्या दाराशी उभे राहत. मी गेलो तो शिकायला नव्हे. मी अकोल्याचा, खराडीला नोकरी, एकटा राहणारा. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसात 'बाय' म्हटलं की सोमवारपर्यंत तोंड उघडायचं कारण नसे.

काकांच्या शिकवण्यात पोहणं नव्हतंच. पाठीवर पडा, कान पाण्यात जाऊ द्या, हनुवटी वर, हात हळू हलवा आणि बटणाला हात लावू नका. बटणांवर एवढा जोर का, हे त्यांनी एकदाच सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ पट्टीचा पोहणारा. कामावरून येताना नदीवरच्या बुटक्या फरशीपुलावरून घसरला आणि पाण्यात शर्ट काढायला गेला. दोन्ही हात बाह्यांत अडकले. "लंगोटावर त्याने नदी कितीदा पार केली होती," काका म्हणाले, आणि पिशवीतल्या पँटींच्या घड्या पुन्हा घालत बसले.

पुढच्या पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं आणि ते आमच्या पार्किंगमध्ये शिरलं. मी मूर्खासारखा मोटारसायकल काढायला उतरलो. उतारावर पाय सुटला आणि प्रवाहाने मला फाटकाबाहेर ओढून नेलं. ओरडायला गेलो तर तोंडात पाणी. मग पाठीवर पडलो. आकाश दिसत होतं, अंगावरचा शर्ट फुगला होता, आणि मी गल्लीच्या टोकाला शाळेच्या भिंतीला जाऊन लागलो. तिथे लोकांनी मला वर ओढलं.

परतलो तेव्हा काका जिन्यात उभे होते. त्यांनी गॅलरीतून सगळं पाहिलं होतं. त्यांनी माझ्या शर्टाची बटणं वरपासून खालपर्यंत चाचपली, सगळी लावलेली होती, आणि मग ते पायरीवरच बसले. मीही ओल्या कपड्यांनी शेजारी बसलो.

पुराच्या बातमीने मुलगी घाबरली. त्यांना न्यायलाच आली. जाण्याआधीच्या रविवारी टँकवर आम्ही दोघंच होतो. काका पाण्यात उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी हे सगळं एकट्यानेच शिकलो. मला कधी कुणी धरलं नाही. आज जरा धरशील?"

मी त्यांच्या डोक्याखाली हात घातला. पिकलेले केस पाण्यात पसरले, डोळे मिटले, तोंड थोडं उघडं राहिलं. एवढ्या हट्टी माणसाचं हाताला काहीच वजन लागलं नाही. वेळ संपल्याची शिट्टी झाली. त्यांचे कान पाण्याखाली होते, त्यांना ती ऐकू आली नाही. मी सांगितलं नाही.